नोंद सेव्ह होते, पण टिकत नाही: सी शार्पमधल्या डेटाबेस प्रोजेक्टच्या या चुका टाळा

वाचनालयाचा प्रोजेक्ट घेतला. सेव्ह दाबलं, 'नोंद जतन झाली' असा निरोप आला, ग्रिडमध्ये नवा सभासद दिसलाही. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला तर टेबल रिकामं. मग इन्सर्टची क्वेरी उलटसुलट तपासणं सुरू होतं. क्वेरी बहुतेक वेळा बरोबरच असते.

घोळ फाइलचा असतो. विनफॉर्म्स (विंडोज फॉर्मच्या) प्रोजेक्टमध्ये एमडीएफ फाइल, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरची डेटाबेस फाइल, जोडली की तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी'समोर 'कॉपी ऑलवेज' आपोआप येतं. म्हणजे दर बिल्डला प्रोजेक्टमधली कोरी फाइल 'बिन'खालच्या 'डीबग' फोल्डरमध्ये जाते आणि तुम्ही नोंदी घातलेल्या फाइलच्या जागी बसते. सर्व्हर एक्सप्लोररमध्ये तुम्ही सहसा बघता ती मूळ फाइल, त्यामुळे तिथे नोंद कधीच दिसत नाही आणि गोंधळ वाढतो. 'कॉपी इफ न्यूअर करा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे, कारण मूळ फाइल नुसती उघडून पाहिली तरी तिची वेळ बदलू शकते आणि मग तीच 'नवी' ठरते. सरळ 'डू नॉट कॉपी' ठेवा आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेस कुठे आहे हे सांगणाऱ्या मजकुरात) ठरावीक जागेचा पूर्ण पत्ता द्या.

आता तो पत्ता किती ठिकाणी बदलावा लागतोय ते पाहा. प्रत्येक बटणाच्या क्लिक इव्हेंटमध्ये कनेक्शन स्ट्रिंग, क्वेरी, तपासणी आणि मेसेजबॉक्स कोंबलेले असतील, तर क्लास लिहिले तरी ते ऑब्जेक्ट ओरिएंटेड नव्हे. सभासदांच्या सगळ्या क्वेरी एका रिपॉझिटरी क्लासमध्ये (फक्त डेटाबेसशी बोलणाऱ्या क्लासमध्ये) न्या. 'एका वेळी दोनच पुस्तकं' हा नियम सभासद क्लासमध्ये ठेवा. फॉर्मने फक्त विचारावं आणि दाखवावं. काही जण हे ऐकून दुसऱ्या टोकाला जातात: कनेक्शन आणि क्वेरी एका बेसफॉर्ममध्ये भरतात आणि सगळे फॉर्म त्याच्यापासून इनहेरिट करतात, म्हणजे त्याचेच उपप्रकार बनवतात. फॉर्म डेटाबेस वापरतो, तो स्वतः डेटाबेस नसतो. इथे इनहेरिटन्सचं काम नाही, फॉर्म तयार होतानाच त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून रिपॉझिटरी द्या.

कनेक्शन एकच स्टॅटिक ठेवून दिवसभर उघडं ठेवणं हीही आवडती चूक. एक डेटारीडर (क्वेरीचं उत्तर ओळीओळीने वाचणारा) चालू असताना त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी गेली की 'आधीचा रीडर बंद करा' अशा अर्थाचा एरर येतो. दर वेळी उघडून बंद केलं तर प्रोग्रॅम मंदावेल ही भीती निराधार आहे, कारण मागे कनेक्शन पूल असतो, म्हणजे पुन्हा वापरायला तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा. मात्र बंद करायला विसरलात तर पूल भरतो. त्याची मूळ मर्यादा 100 कनेक्शनची. ती संपली की पुढची मागणी 15 सेकंद थांबून एरर देते. म्हणून सकाळी नीट चालणारा प्रोग्रॅम दुपारी अडकतो. 'युजिंग' ब्लॉक वापरा, बंद करण्याचं काम तो करतो.

टाइप केलेली नावं थेट क्वेरीच्या मजकुरात जोडणाऱ्यांची परीक्षा वसईत किंवा गोव्यात लगेच होते. डि'सोझा आडनावातल्या अपॉस्ट्रॉफीने स्ट्रिंग मध्येच तुटते. त्याच वाटेने कुणी मुद्दाम अख्खं टेबलही उडवू शकतो. पॅरामीटर वापरले, म्हणजे किंमत क्वेरीच्या मजकुराबाहेर वेगळी पाठवली, की दोन्ही प्रश्न मिटतात.

देवनागरीचंही तसंच. 'सुनीता' लिहिलं आणि परत वाचताना नुसती प्रश्नचिन्हं आली, तर कॉलमचा प्रकार बहुधा व्हारकॅर आहे. तो एनव्हारकॅर, म्हणजे युनिकोड मजकुराचा, करा. क्वेरीत थेट मजकूर लिहीत असाल तर त्याआधी 'एन' लावावा लागतो. पॅरामीटरमधून स्ट्रिंग पाठवली तर ती कटकट नाही. एकदा प्रश्नचिन्हं म्हणून साठलेली नावं मात्र परत मिळत नाहीत, ती पुन्हा टाइप करायची.

विलंब शुल्कासाठी डबल (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको, डेसिमल घ्या. आणि रिकामा कॅच ब्लॉक (एरर पकडून गिळून टाकणारा) दिसला की आधी तो काढा. तो असेपर्यंत वरचे एरर तुम्हाला दिसणार नाहीत.

सबमिशनच्या दिवशी 'माझ्या लॅपटॉपवर चालत होतं' म्हणण्याची वेळ येते, त्याची कारणं बहुतेक वेळा दोन असतात. समोरच्या मशीनवर लोकलडीबी (एमडीएफ फाइल चालवणारा छोटा एसक्यूएल सर्व्हर) बसवलेलं नसतं, किंवा डेटाबेस प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवलेला असतो, जिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नाही. फाइल युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवा आणि ॲडमिन नसलेल्या खात्यातून एकदा चालवून बघा.