रिहॅबमध्ये अपयश, हातात जनरल डिस्चार्ज: अपग्रेडचा अर्ज करताना या चुका टाळा

"सहा महिने थांब, कागद आपोआप ऑनरेबल होतो." अमेरिकी लष्करातून बाहेर पडताना हे वाक्य ऐकलेली माणसं अजूनही भेटतात. कागद म्हणजे डिस्चार्जचा, सेवामुक्तीचा दाखला; त्यात 'ऑनरेबल' हा सगळ्यात वरचा दर्जा आणि 'जनरल' त्याच्या एक पायरी खाली. काही जण त्या भरवशावर बारा-तेरा वर्षं थांबलेले असतात. आपोआप काही होत नाही. अर्ज करावा लागतो, आणि डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे तो सुटल्याच्या तारखेपासून १५ वर्षांच्या आत करावा लागतो. ही सहा महिन्यांची दंतकथा कुठून निघाली कोण जाणे, पण तिच्यापायी वाया गेलेली वर्षं मोजवत नाहीत.

इथे मी एका ठरावीक प्रकरणाबद्दल लिहितोय. सैनिक दारूमुळे उपचार कार्यक्रमात गेला, तिथे टिकला नाही किंवा मधेच पुन्हा प्यायला, कमांडरने त्याला 'रिहॅबिलिटेशन फेल्युअर' ठरवलं आणि घरी पाठवलं. आर्मीत हे एआर ६३५-२०० या नियमावलीच्या नवव्या प्रकरणाखाली होतं, म्हणून सगळे त्याला 'चॅप्टर नाइन' म्हणतात. त्यात ऑनरेबलही मिळतो आणि जनरलही. जनरल म्हणजे काही काळं तोंड नव्हे. त्यावर व्हीएचे (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचे) दवाखाने, अपंगत्वाचा भत्ता, घरकर्जाची हमी या गोष्टींचं दार उघडं राहतं. जीआय बिलाचे शिक्षणाचे पैसे मात्र ऑनरेबलशिवाय मिळत नाहीत, आणि बहुतेकांची धडपड तिथूनच सुरू होते. नेव्ही आणि एअर फोर्सचे कार्यक्रम वेगळे, नियमांचे आकडे वेगळे. चुका मात्र त्याच.

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

अर्ज डीडी-२९३ या फॉर्मवर होतो. त्यातल्या मोकळ्या जागेत लोक काय लिहितात? मी आता चार वर्षं प्यायलो नाही. मला दोन मुलं आहेत. मला कॉलेजला जायचंय. सगळं खरं असतं, मनापासून लिहिलेलं असतं. पण बोर्डाचे मूळ प्रश्न दोनच असतात: तेव्हा तुम्हाला नियमाप्रमाणे काढलं का, आणि काढणं न्याय्य होतं का. आज तुम्ही किती सुधारलात ते दुसऱ्या प्रश्नाच्या पारड्यात थोडं वजन टाकतं, पण एकट्याने पारडं झुकवत नाही. शिक्षणाच्या पैशांसाठी डिस्चार्ज बदलता येत नाही, असं तर बोर्डाच्या निकालांमध्ये जागोजागी लिहिलेलं सापडतं.

शिवाय सुरुवात बरोबरीवर होत नाही. सरकारी काम रीतसरच झालं असणार, असं बोर्ड धरून चालतं. झालं नाही, हे दाखवायचं ओझं तुमच्यावर. म्हणजे कागद लागणार, आणि सगळ्यात मोठी चूक नेमकी इथेच होते.

फाइल न मागवता अर्ज पाठवणं

हातात असतो फक्त डीडी-२१४, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला. तोही कधीकधी छोटा, म्हणजे ज्यावर डिस्चार्जचा प्रकार आणि कारण छापलेलंच नसतं. 'मेंबर-४' प्रत लागते, ती आधी शोधा.

मग एसएफ-१८० फॉर्म भरून सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून सेवेची पूर्ण फाइल मागवा. 'सेपरेशन पॅकेट' हवं, असं स्पष्ट लिहा. कमांडरची नोटीस, तुम्ही सही केलेला हक्कांचा कागद, वरच्या अधिकाऱ्याचा शेवटचा हुकूम, हे सगळं त्यात असतं. उपचारांच्या नोंदी त्यात असतीलच असं नाही. लष्करी इस्पितळात भरती होऊन उपचार घेतले असतील, तर त्या नोंदी इस्पितळाच्या नावाने वेगळ्या ठेवलेल्या असतात. इस्पितळाचं नाव आणि वर्ष दिल्याशिवाय त्या हाती लागत नाहीत. व्यसनाच्या उपचारांची कागदपत्रं एरवीही जास्त कडक गोपनीयतेखाली येतात, तेव्हा वेगळं संमतीपत्र मागितलं तर वैतागू नका.

फाइल आली की एका वहीत तारखा उतरवा. कार्यक्रमात नाव कधी घातलं? स्वतःहून गेलात की कमांडरने पाठवलं? पहिली भेट कधी, चुकलेल्या भेटी कोणत्या? 'अपयशी' ठरवण्याआधी कमांडरने उपचार करणाऱ्यांशी सल्लामसलत केली, त्याचा कागद आहे का? नवव्या प्रकरणाच्या मागे दोन अटी आहेत: पुढे लष्करात उपयोगी पडण्याची शक्यता उरली नाही, आणि उपचारांचे आणखी प्रयत्न व्यवहार्य नाहीत. त्या दोन्ही कुठे कारणांसकट मांडल्या आहेत, की नुसत्या छापील वाक्यात उरकल्या आहेत?

चुकलेल्या भेटींवर जरा थांबायला हवं. समजा, कागद सांगतो की एक सैनिक सहा भेटींना गेला नाही, म्हणून 'सहकार्य नाही'. पण त्यातल्या चार तारखांना त्याची तुकडी सरावासाठी बाहेर होती आणि पाचव्या दिवशी त्याला चोवीस तासांची ड्यूटी लागली होती. आता 'असहकार' हा शब्द टिकतो का? हे सिद्ध करायला सरावाचे हुकूम, ड्यूटी रोस्टर, किंवा त्या वेळच्या सार्जंटचं सहीचं निवेदन लागतं. घरोघरी ठाऊक असतं की दारू सोडणारा माणूस एकदा तरी घसरतो. बोर्डावर बसलेल्यांनाही ते ठाऊक असतं. म्हणून 'मी घसरलो नव्हतो' असा वाद घालण्यापेक्षा, उपचार नीट मिळू दिले होते का, हा वाद जास्त भक्कम.

आणखी एक गोष्ट फाइलमध्येच सापडते, आणि माझ्या मते चॅप्टर नाइनच्या अर्जात तिच्याइतका धारदार मुद्दा दुसरा नाही. आर्मीच्या एआर ६००-८५ या व्यसनांविषयीच्या नियमावलीत 'लिमिटेड यूज' नावाचं संरक्षण आहे. सैनिकाने न घाबरता मदत मागावी, म्हणून ते ठेवलेलं. स्वतःहून मदतीला जाताना दिलेली कबुली, समुपदेशकाला सांगितलेला पूर्वीचा इतिहास, उपचारांचा भाग म्हणून घेतलेल्या लघवीच्या चाचणीचा निकाल, अशी माहिती डिस्चार्ज वाईट करायला वापरता येत नाही. सरकारने स्वतःच ती पहिल्यांदा सेपरेशनच्या कागदांत आणली, तर डिस्चार्ज ऑनरेबलच द्यावा लागतो. द्यावा, असा सल्ला नव्हे, द्यावाच लागतो. तेव्हा नोटिशीपासून शेवटच्या हुकमापर्यंत प्रत्येक ओळ वाचा. 'सैनिकाने स्वतः कार्यक्रमात नाव घातलं आणि कबूल केलं की...' असं वाक्य दिसलं, की तिथे पेन्सिलीने खूण करा. चाचणीच्या कागदावर 'आरओ' हा कोड असेल, तर ती चाचणी उपचारांसाठी घेतलेली होती. उलट दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं असेल, तर त्या घटनेला हे संरक्षण नाही. तिथे उगाच या मुद्द्याचा आग्रह धरू नका.

यात एक पोटचूक होते. लोक आजची नियमावली उघडून कलमं उतरवतात. तुम्हाला ज्या साली काढलं, त्या साली लागू असलेली आवृत्ती बघा. आजचा नियम जास्त उदार असेल, तर तो न्याय्यतेच्या मुद्द्यात वेगळा मांडता येतो. दोन्हींची खिचडी मात्र करू नका.

दारू लपवणं, किंवा नुसतं 'पीटीएसडी' लिहून थांबणं

आपल्या माणसांची ही खास सवय. घरी कळू नये, समाजात कळू नये, म्हणून अर्जातही 'काही वैयक्तिक अडचणींमुळे' असं लिहायचं. फाइलमध्ये सगळं लिहिलेलं आहे, बोर्ड ती वाचणार आहे. लपवून फक्त विश्वास जातो.

उलट दारूच तुमच्या बाजूने साक्ष देऊ शकते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या २५ ऑगस्ट २०१७ च्या कर्टा मेमोने (लेखी सूचनेने) बोर्डांना सांगितलं की पीटीएसडी (भीषण अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार), डोक्याला झालेली इजा, लैंगिक अत्याचार किंवा इतर मानसिक आजार यांच्या अर्जांकडे उदारपणे बघा. त्याच मेमोत आजाराची खूण म्हणून ज्या गोष्टी मोजल्या आहेत, त्यांत व्यसनही आहे. तैनातीआधी शिस्तीचा एकही डाग नाही, परत आल्यावर सहा महिन्यांत पिणं सुरू, कामाचा दर्जा घसरला: ही साखळी तारखांसकट मांडली, तर ती पुरावा होते.

पण 'मला पीटीएसडी आहे' एवढंच लिहून भागत नाही. मेमो चार प्रश्न विचारतो. असा आजार किंवा अनुभव होता का? तो सेवेत असताना होता का? ज्या वागण्यासाठी काढलं, ते वागणं त्यामुळे समजण्यासारखं किंवा सौम्य ठरतं का? आणि ते डिस्चार्जच्या कारणापेक्षा वजनदार आहे का? अर्ज पहिल्या प्रश्नावर पास होतात आणि तिसऱ्यावर अडकतात. डॉक्टरांकडून नुसतं निदानाचं पत्र आणू नका. पिणं आणि आजार यांचा संबंध त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहायला हवा. त्याच खात्याचा २५ जुलै २०१८ चा विल्की मेमोही वाचा. आजाराचा मुद्दा नसेल तरी न्याय्यता आणि दुसरी संधी यांबद्दल तो बोर्डांना दिशा देतो, आणि तुमची चार वर्षांची दारूमुक्ती बसते ती इथे.

व्हीएचं पत्र आलं म्हणजे काम झालं, असंही समजू नका. व्हीए स्वतःच्या सोयी-सवलतींपुरतं ठरवते. तिच्या निर्णयाने डीडी-२१४ वरचं एक अक्षर बदलत नाही. मात्र सेवेमुळे आलेल्या पीटीएसडीतून दारू लागली असं व्हीएने आधीच मान्य केलं असेल, तर ते पत्र अर्जाला नक्की जोडा.

एकच चौकट मागणं

डीडी-२१४ ची २४ वी चौकट डिस्चार्जचा दर्जा सांगते. सगळे तेवढीच बदलून मागतात. पण २८ व्या चौकटीत 'अल्कोहोल रिहॅबिलिटेशन फेल्युअर' असं कारण छापलेलं असतं, आणि २६ व्या चौकटीत त्याचाच कोड, जेपीडी. दर्जा ऑनरेबल झाला आणि कारण तसंच राहिलं, तर नोकरी देणारा काय वाचणार? दर्जा, कारण, कोड आणि २७ व्या चौकटीतला पुन्हा भरतीचा कोड, सगळं एकाच अर्जात मागा. कारणाच्या जागी 'सेक्रेटेरियल ऑथॉरिटी' (दारूचा उल्लेख नसलेलं, खात्याच्या अधिकारातलं कारण) यावं, अशी मागणी रूढ आहे. मेडिकल रिटायरमेंट मात्र या बोर्डाकडे मागू नका. तो अधिकार रेकॉर्ड दुरुस्त करणाऱ्या वरच्या बोर्डाचा.

'अर्ज केला आणि त्यांनी आणखी खाली उतरवलं तर?' ही भीती बऱ्याच जणांना असते. रिव्ह्यू बोर्डाला डिस्चार्ज आणखी वाईट करता येत नाही.

नागरिकत्वाची भीती, आणि नसलेली भीती

हिंदी येणाऱ्या काही भारतीय तरुणांनी २००९ ते २०१६ च्या दरम्यान मॅव्हनी या, परदेशी नागरिकांना भरती करणाऱ्या योजनेतून आर्मीत प्रवेश घेतला आणि सेवेवर नागरिकत्व मिळवलं. अशा घरांत विचारलं जातं: जनरल डिस्चार्जमुळे नागरिकत्व जाईल का? सेवेवर मिळालेलं नागरिकत्व काढण्याची तरतूद आहे ती पाच वर्षांची सन्माननीय सेवा होण्याआधी 'अदर दॅन ऑनरेबल' (जनरलच्याही खालच्या) अटींवर बाहेर पडलेल्यांसाठी. 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स' त्यात येत नाही. नागरिकत्वाचा अर्ज अजून करायचा असेल, तरीही हा डिस्चार्ज सन्माननीय सेवेत धरला जातो. एक खबरदारी मात्र घ्या: इमिग्रेशन कायद्यात चांगल्या चारित्र्याच्या कलमात 'सवयीचा दारुडा' असा शब्दप्रयोग आहे. तेव्हा शपथेवर पिण्याचा सविस्तर इतिहास लिहून देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला तो मसुदा दाखवा.

पत्रांचा गठ्ठा

महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांनी 'सद्गृहस्थ आहेत' असं लिहिलेली दहा पत्रं एका सार्जंटच्या पत्रासमोर फिकी पडतात. तुमच्याबरोबर त्या काळात असलेल्या माणसाने काय पाहिलं ते लिहावं, तारीख आणि जागा सांगून. अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये हजेरीपट नसतो, म्हणून स्पॉन्सरचं (तिथल्या आधार देणाऱ्या जुन्या सदस्याचं) पत्र आणि व्हीएच्या कार्यक्रमाचं पूर्णतापत्र ठेवा.

घाई, आणि पहिल्या नकारावर थांबणं

आधी नुसत्या कागदांवर निर्णय मागता येतो आणि नकार आला तर प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. आधीच सुनावणी घेतली, तर मागे वळून कागदी तपासणी मिळत नाही. म्हणून दोन संधी हव्या असतील तर क्रम हाच. पण दोन्ही १५ वर्षांच्या आत बसायला हव्यात आणि निर्णयाला महिनोन्‌महिने लागतात. चौदावं वर्ष उलटलं असेल, तर सरळ सुनावणीच मागा.

१५ वर्षं उलटून गेली असतील, तर डीडी-१४९ वर रेकॉर्ड दुरुस्तीच्या बोर्डाकडे जायचं. तिथे चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायासाठी ती माफ करता येते. माफ का करावी, ते अर्जात लिहावं लागतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. २० डिसेंबर २०१९ रोजी किंवा त्यानंतर सुटलेल्यांना त्याही वर डिस्चार्ज अपील रिव्ह्यू बोर्ड आहे.

वकील सक्तीचा नाही. अमेरिकन लीजन आणि डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटना आणि लॉ कॉलेजांची क्लिनिक्स फुकट मदत करतात. त्यांच्याकडे जाण्याआधी बोर्डांचे नावं खोडून जाहीर केलेले जुने निकाल सार्वजनिक वाचनकक्षात उघडा आणि 'चॅप्टर नाइन' शोधून दहा-बारा वाचा. कोणता मुद्दा चालला आणि कोणता नाही, हे तिथे जितकं स्वच्छ कळतं तितकं कुणी सांगून कळत नाही.

आणि अपग्रेड मिळाला, नवा डीडी-२१४ हातात आला, तर एक शेवटचं काम राहतं. अनेकांनी सुटल्यावर जुना कागद काउंटीच्या कार्यालयात नोंदवून ठेवलेला असतो. तो तिथे तसाच पडून असतो, 'अल्कोहोल रिहॅबिलिटेशन फेल्युअर' या शब्दांसकट. जाऊन नवा नोंदवा, आणि जुन्याचं काय करता येतं ते खिडकीवर विचारा.