आजार वाढला, की ऐकू येईनासे झाले?

स्मृतिभ्रंश असलेली वृद्ध व्यक्ती हाकेला ओ देत नाही, ताटातला भात तसाच ठेवते किंवा उंबऱ्याशी येऊन थबकते, तेव्हा घरातले ‘आजार वाढला’ असे म्हणून मोकळे होतात; परंतु त्यामागे पुष्कळदा बंद पडलेले श्रवणयंत्र, पुसायचा राहिलेला चष्मा किंवा पिकलेला मोतीबिंदू असतो, आणि ते सांगणे त्या व्यक्तीला जमत नाही. म्हणून आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत.

कानात मळ घट्ट बसला असल्यास तो घरी काडीने कोरू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा. श्रवणयंत्राची जबाबदारी घरातील एकाच माणसाकडे असावी. त्याने रोज सकाळी यंत्र सुरू करून मुठीत धरावे. बहुतेक यंत्रे अशा वेळी बारीक शिट्टी देतात आणि त्यावरून सेल चालू असल्याचे कळते. नवा सेल बसवताना वरचा चिकट कागद काढून तो एक-दोन मिनिटे उघडा ठेवावा, कारण हे सेल हवेतील ऑक्सिजनवर चालतात. ते हुबेहूब गोळ्यांसारखे दिसत असल्यामुळे औषधांच्या डबीजवळ कधीही ठेवू नयेत, आणि गिळला गेल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीतले आवाज आधी जातात, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे विरून जातात. ओरडल्याने आवाज कर्कश होतो, शब्द मात्र कळत नाही. टीव्ही आणि मिक्सर बंद करून, आपल्या तोंडावर उजेड येईल असे समोर बसून, हाताला हलकेच स्पर्श करावा आणि एका वेळी एकच गोष्ट सावकाश विचारावी: ‘आई, चहा घेणार?’

लखलखीत स्टीलच्या ताटात भात वाढला की माझी आई फक्त लोणचे आणि भाजी खाऊन उठत असे. तिला भूक नाही असे आम्ही कित्येक आठवडे समजत होतो, याची रुखरुख मला आजही आहे. तोच पांढरा भात गडद निळ्या ताटलीत उठून दिसला, तेव्हा तिने तो संपवला. रंगांतल्या अशाच फरकामुळे काळे पायपुसणे खड्ड्यासारखे भासते, म्हणून ते काढून टाकावे, आणि रात्री संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा ठेवावा.

स्मृतिभ्रंश आहे म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया टाळू नये. उलट, व्यक्ती सूचना समजून स्थिर पडून राहू शकते तोवरच डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा. दृष्टी फार अधू झालेल्यांना कधी कधी प्रत्यक्षात नसलेली माणसे किंवा नक्षी दिसते. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात आणि तो वेडेपणा नव्हे. मात्र स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांतही भास होतात, त्यामुळे वाद न घालता डॉक्टरांना नेमके काय दिसते ते सांगावे.

रुग्णालयात दाखल करावे लागल्यास, कोणत्या कानाने बरे ऐकू येते आणि चष्मा कधी लागतो, हे मोठ्या अक्षरांत लिहून खाटेच्या उशाशी लावावे, आणि यंत्र व चष्मा यांच्या डब्यांवर नाव घालावे.