'रीअश्युअर'मधल्या 'री'ला फसू नका

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायला नुकतीच सुरुवात केलेल्यांनो, 'रीअश्युअर' हा शब्द दिसला की जरा थांबा. 'री म्हणजे पुन्हा, अश्युअर म्हणजे आश्वासन देणे' अशी बेरीज करून 'डॉक्टरांनी तिला पुन्हा आश्वासन दिले' असं लिहिलं, की वाक्य चुकलंच. डॉक्टरांनी आधी कसलंही वचन दिलेलं नसतं. ती घाबरलेली असते, तिला धीर दिलेला असतो. इथला 'री' कृती दुसऱ्यांदा झाल्याचं सांगत नाही. ढळलेलं मन पूर्वीच्या जागी आणल्याचं सांगतो.

उपसर्गांची यादी पाठ करायला सांगणाऱ्या मार्गदर्शकांवर माझा विश्वास नाही. शब्दाचं मूळ बघा. लॅटिनमध्ये 'से' म्हणजे विना आणि 'कुरा' म्हणजे काळजी, त्यातून 'सेकुरुस'. आपला 'बिनघोर' अगदी असाच घडलाय! 'सेकुरुस' फ्रेंचमधून झिजत इंग्रजीत 'शुअर' झाला आणि थेट लॅटिनमधून 'सिक्युअर' म्हणून पुन्हा आला. 'अश्युअर'ही याच कुळातला.

गंमत म्हणजे संस्कृतात 'आश्वासन'चं नातं श्वासाशी आहे: घाबरलेल्याला मोकळा श्वास घेऊ देणं. म्हणजे मुळात तो 'रीअश्युअर'च. पण आजच्या मराठीत आश्वासनं निवडणुकीत देतात, म्हणून वाचक वचनच समजतो. 'आश्वस्त करणे' मात्र अजून चालतं.

वाक्यात आधी भीती किंवा शंका कोणाला आहे ते शोधा. भीती असेल तर 'धीर देणे', शंका असेल तर 'खात्री पटवणे'. 'रीअश्युअरिंग स्माइल' म्हणजे धीर देणारं हसू. 'सांत्वन' टाळा, ते दुःख घडून गेल्यावरचं. 'दिलासा' जपून वापरा. 'शेतकऱ्यांना दिलासा' या मथळ्यात बहुधा प्रत्यक्ष मदत किंवा सवलत असते, नुसते शब्द नव्हेत.

विम्याच्या कागदपत्रांत मात्र 'रीअश्युअरन्स' म्हणजे पुनर्विमा. तिथे 'पुन्हा' बरोबर.

उलट, इंग्रजीत लिहिताना 'ही रीअश्युअर्ड दॅट...' असं लिहू नका. कोणाला, ते क्रियापदानंतर लगेच यायलाच हवं: 'ही रीअश्युअर्ड हर दॅट...'. 'एन्श्युअर'ला ही अट नाही, म्हणून गल्लत होते. भल्याभल्यांची होते, दहा-बारा वाक्यं स्वतः लिहून पाहिलीत की हात बसेल.