स्टार लेबल वाचताना: आधी युनिट बघा, मग स्टार

एसी किंवा फ्रिज घ्यायला गेलं की बहुतेकांची नजर स्टारवर जाते आणि तिथेच थांबते. खरा कामाचा आकडा असतो तो वार्षिक वीजवापराचा, म्हणजे ते उपकरण वर्षाला किती युनिट वीज घेईल याचा. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास. तुमचं बिल येतं ते युनिटचं.

ऊर्जा दक्षता ब्युरोने (बीईई) ही लेबल योजना २००६ मध्ये सुरू केली. फ्रिज, एसी, साठवणीचा गीझर, टीव्ही, एलईडी बल्ब आणि सीलिंग फॅन यांच्यावर आता लेबल सक्तीचं आहे. १ ते ५ स्टार मिळतात ते त्या त्या प्रकारासाठी ठरवलेल्या तक्त्यानुसार. त्यामुळे दोन वेगळ्या प्रकारांचे स्टार एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. विंडो एसीचा तक्ता वेगळा आणि स्प्लिटचा वेगळा. फ्रिजचंही तसंच: डायरेक्ट कूल आणि फ्रॉस्ट फ्री यांचे निकष निराळे.

त्यात हे तक्ते ठरावीक काळाने कडक केले जातात. स्प्लिट एसीला ५ स्टारसाठी आधी ४.५० आयएसईईआर (विजेच्या मानाने मिळणाऱ्या थंडाव्याचं गुणोत्तर) पुरत होता. जुलै २०२२ मध्ये तो ५.०० करण्यात आला. म्हणजे ४.६० चा एसी एका रात्रीत ५ वरून ४ स्टारवर आला, यंत्र मात्र तेच. म्हणून लेबलवर छापलेला वैधतेचा कालावधी वाचाच. सवलतीत मिळणारा जुन्या साठ्यातला ‘५ स्टार’ आणि नव्या तक्त्यातला ‘४ स्टार’ वीजवापरात सारखेच निघू शकतात.

एसीच्या लेबलवर तीन गोष्टी बघा: वार्षिक युनिट, आयएसईईआर आणि वॅटमधली कूलिंग क्षमता. आयएसईईआर म्हणजे पूर्ण हंगामात वापरलेल्या विजेच्या मानाने किती थंडावा मिळाला याचं गुणोत्तर. जितकं जास्त तितकं चांगलं. ‘दीड टन’ या शब्दावर विसंबू नका. १ टन म्हणजे सुमारे ३,५१७ वॅट, पण दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांची छापील क्षमता कमी-जास्त असते. कमी क्षमतेचं यंत्र युनिटही कमी दाखवणारच, म्हणून तुलना सारख्या वॅटच्या दोन यंत्रांमध्येच करा.

एसीवरचे वार्षिक युनिट १,६०० तास धरून काढलेले असतात. आता आपला हिशेब करू. समजा एका एसीवर १,००० युनिट लिहिलेत आणि दुसऱ्यावर ७५०. फरक २५० युनिटचा. तुम्ही दिवसाला ६ तास, वर्षातले १०० दिवस एसी लावत असाल तर ६०० तास झाले. २५० ला १,६०० ने भागा, ६०० ने गुणा: वर्षाला सुमारे ९४ युनिटच वाचतील. जिथे एसी २,४०० तास चालतो तिथे हीच बचत ३७५ युनिट होते. महागडं मॉडेल परवडतं की नाही हे या आकड्यावर ठरवा, स्टारवर नाही.

वाचलेल्या युनिटला दर कोणता लावायचा, इथे पुष्कळ जण चुकतात. बिलाच्या रकमेला एकूण युनिटने भागून सरासरी काढतात. पण महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटवर टप्पे बदलतात आणि बचत होते ती वरच्या टप्प्यातून. म्हणून एसीच्या महिन्यांतलं बिल काढा, तुमचे शेवटचे युनिट ज्या टप्प्यात पडतात त्याचा दर घ्या, त्यात प्रतियुनिट वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) मिळवा आणि वर वीज शुल्क धरा. स्थिर आकार मात्र धरू नका; युनिट वाचले म्हणून तो कमी होत नाही.

आणखी एक. खोलीच्या मानाने एसी लहान पडला तर तो सतत पूर्ण भारावर धावतो. इन्व्हर्टर एसीचा चांगला आयएसईईआर बराचसा कमी भारावर चालण्यातून येतो, त्यामुळे अशा खोलीत लेबलवरची बचत हाती लागत नाही.

फ्रिजचे स्टार आकारमान हिशेबात घेऊन दिलेले असतात. मोठा ५ स्टार फ्रिज लहान ३ स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. गरजेपुरते लिटर आधी ठरवा, मगच युनिट ताडा. छापील आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतला असतो. घरात दार वारंवार उघडलं, गॅस्केट (दाराचं रबर) सैल झालं किंवा मागे हवेला जागाच उरली नाही की वापर वाढतो.

पंख्यावर सर्व्हिस व्हॅल्यू बघा: मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले वॅट. नुसते कमी वॅट बघून पंखा घेतला आणि वाराच लागला नाही, तर काय उपयोग? ७५ वॅटच्या जुन्या पंख्याजागी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा १२ तास, ३०० दिवस चालला तर १६२ युनिट वाचतात. पंखा दिवसरात्र फिरत असेल तर पहिला बदल इथेच करावा. फक्त तो जुन्या रेग्युलेटरमधून जोडू नका, थेट जोडणी करून घ्या.

गीझरच्या स्टारबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. ते पाणी तापवायच्या विजेबद्दल काहीच सांगत नाहीत. तापलेलं पाणी टाकीत तसंच ठेवलं तर किती उष्णता वाया जाते, एवढंच मोजतात. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागणारच, स्टार कितीही असोत. गीझर तासन्‌तास चालू राहत असेल तर ५ स्टार घ्या. अंघोळीआधी लावून लगेच बंद करत असाल तर फरक फार थोडा पडतो.

पैसे देण्याआधी लेबलवरचा मॉडेल क्रमांक यंत्रामागच्या पट्टीवरच्या क्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर जुळवा आणि बीईईच्या स्टार लेबल अ‍ॅपवर शोधा. शेवटच्या एखाद्या अक्षरानेही मॉडेल आणि युनिट दोन्ही बदलतात. अ‍ॅपमधले युनिट आणि लेबलवरचे युनिट जुळत नसतील तर दुसरं यंत्र दाखवायला सांगा.