उपनगराची ओस पडलेली मुख्य पेठ पुन्हा उभी करताना: सिल्व्हर स्प्रिंगच्या अनुभवातून

उपनगराच्या मुख्य पेठेत एकामागून एक शटर कायमची खाली येऊ लागली की व्यापारी नगरपालिकेला दोष देतात, नगरपालिका व्यापाऱ्यांना, आणि जागामालक चांगल्या भाड्याच्या आशेने गाळे रिकामे ठेवतात. ही कोंडी कोणत्याही एका पक्षाला एकट्याने फोडता येत नाही. मात्र ‘सार्वजनिक-खासगी सहकार्य’ एवढे म्हणूनही भागत नाही. कोणी काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कोणती गोष्ट कुणाच्याही हाती सोपवायची नाही, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टन शहराच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंग या उपनगरात हे तिन्ही प्रश्न कसाला लागले, म्हणून पुढील सूचना त्या अनुभवाच्या आधाराने दिल्या आहेत.

ऱ्हासाचे खरे कारण आधी शोधा

सिल्व्हर स्प्रिंगला स्वतःची नगरपालिका नाही. तिथला कारभार माँटगोमेरी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी स्थानिक शासनसंस्था, पाहते. १९३८ मध्ये तिथे सिल्व्हर थिएटर हे चित्रपटगृह आणि त्याला लागून, समोर गाड्या लावण्याची सोय असलेले दुकानांचे संकुल उभे राहिले. १९४७ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘हेक्ट्स’ या मोठ्या दुकानाने तिथे शाखा उघडली आणि पेठ भरभराटीला आली. पुढे १९६० मध्ये काही मैलांवर व्हीटन प्लाझा हे विस्तीर्ण वाहनतळाचे खरेदी-केंद्र सुरू झाले आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. १९७८ मध्ये मेट्रोचे स्थानक आले, तरीही १९८४ मध्ये चित्रपटगृह बंद पडले आणि १९८७ मध्ये ‘हेक्ट्स’ त्याच व्हीटन प्लाझात निघून गेले. रेल्वे किंवा मेट्रो आली की पेठ आपोआप सावरेल, असे मानून आराखडे आखणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. मेट्रोमुळे माणसे स्थानकापर्यंत येतात. त्यांनी पेठेत थांबावे यासाठी वेगळे कारण निर्माण करावे लागते.

म्हणून पहिले काम पाहणीचे आहे, आणि ते कार्यालयात बसून होत नाही. पेठेची माहिती असलेला एखादा जुना दुकानदार आणि नगरपालिकेचा एक कर्मचारी यांनी मिळून प्रत्येक गाळ्याची नोंद करावी: मालक कोण, ताबा कोणाकडे, तो मालकीने, भाड्याने की पागडीने, जागेवर न्यायालयीन वाद आहे का, वरचा मजला वापरात आहे का, माल कुठे आणि किती वाजता उतरतो. ही फेरी सकाळी अकराला एकदा आणि रात्री आठला एकदा अशी दोन वेळा करावी, कारण दिवसा गजबजलेला रस्ता दिवे नसल्यामुळे संध्याकाळी ओस पडत असेल, तर तिथे मोठ्या प्रकल्पाआधी दिव्यांची आणि उघड्या राहणाऱ्या चार खानावळींची गरज असते. रिकाम्या गाळ्यांमागे बहुधा एकच कारण नसते. कुठे वारसांचा वाद असतो, कुठे दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघत नाही, तर कुठे मालकच भाडे खाली आणायला तयार नसतो. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि सरसकट अनुदानाने यांतला एकही प्रश्न सुटत नाही.

एका भव्य प्रकल्पावर सगळी भिस्त ठेवू नका

१९९०च्या दशकाच्या मध्यात सिल्व्हर स्प्रिंगसाठी ‘अमेरिकन ड्रीम’ नावाचा अवाढव्य बंदिस्त मॉल प्रस्तावित झाला. काउंटीचे प्रमुख डग्लस डंकन यांनी १९९६ मध्ये तो प्रस्ताव गुंडाळला. वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या रहिवाशांना तो निर्णय कडू वाटला असेल, पण माझ्या मते पेठेच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात त्या नकारापासूनच झाली. त्यानंतर स्थानिक विकासकांच्या गटाशी करार होऊन असलेल्या रस्त्यांच्या कडेने, उघड्या आकाशाखाली दुकाने उभारण्याची योजना ठरली. चार भिंतींत सगळे कोंडणारा प्रकल्प शेजारच्या जुन्या दुकानांकडे पाठ फिरवतो; रस्त्याकडे तोंड असलेले दुकान मात्र शेजाऱ्यालाही गिऱ्हाईक देते.

टप्पेही विचारपूर्वक आखले गेले. २००० मध्ये पहिल्यांदा किराणा आणि हार्डवेअरचे दुकान, म्हणजे रहिवाशांना आठवड्याला लागणाऱ्या गोष्टी आल्या. २००३ मध्ये दूरचित्रवाणी वाहिन्या चालविणाऱ्या डिस्कव्हरी कम्युनिकेशन्स या कंपनीचे मुख्यालय मेट्रो स्थानकाजवळ उभे राहिले आणि त्याच वर्षी जुने सिल्व्हर थिएटर दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाले. रोजची गरज आधी, नोकऱ्या आणि करमणूक नंतर, हा क्रम इतरत्रही शक्यतो मोडू नये.

कामाची वाटणी लेखी करा

जे काम बाजार स्वतःहून करणार नाही, तेच सार्वजनिक पैशातून करावे. तुकड्यातुकड्यांत विभागलेली जमीन एकत्र करणे, वाहनतळ बांधणे, पदपथ आणि दिवे सुधारणे, जुनी वास्तू वाचवणे ही अशी कामे होत. सिल्व्हर थिएटरची वास्तू काउंटीची राहिली आणि ते चालविण्याचे काम अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटकडे आले. चित्रपटगृह चालविणे हे सरकारचे काम नव्हे. पण वास्तूची मालकी सरकारकडे राहिली तर चालक बदलला तरी पेठेचा आधार जात नाही. दुकाने बांधणे, ती भरणे आणि त्यातील नफ्या-तोट्याचा धोका मात्र विकासकानेच उचलावा.

वाहनतळाची व्यवस्था विशेष अभ्यासण्याजोगी आहे. पेठेत वाहनतळाचे विशेष क्षेत्र आखून काउंटीने सामायिक वाहनतळ बांधले आणि शुल्कातून आलेल्या पैशाचा काही भाग त्याच पेठेच्या स्वच्छतेला व देखभालीला दिला. जिथला पैसा तिथेच खर्च होताना दिसला की व्यापारी शुल्काला विरोध करत नाहीत, हे कोणत्याही व्यापारी संघटनेत काम केलेला माणूस सांगेल. करसवलतीतही अशीच शिस्त हवी. मेरीलँडच्या उद्योग-क्षेत्र योजनेत सवलत सुधारणेमुळे वाढलेल्या मूल्यांकनावरील मालमत्ताकराला मिळते: पहिली पाच वर्षे ८० टक्के, आणि पुढील पाच वर्षांत दरवर्षी १० टक्क्यांनी कमी होत जाणारी. त्यामुळे नुसती जागा अडवून बसलेल्या मालकाला काहीच मिळत नाही आणि जुने उत्पन्न सार्वजनिक तिजोरीत येतच राहते.

रस्ता आणि चौक सर्वांचाच राहू द्या

कराराचा मसुदा वाचताना सर्वाधिक वेळ या कलमावर द्यावा. सिल्व्हर स्प्रिंगमधील एल्सवर्थ ड्राइव्ह हा पेठेच्या मध्यातला रस्ता काउंटीने भाडेपट्ट्याने विकासकाच्या व्यवस्थापनाखाली दिला होता. २००७ मध्ये तिथे छायाचित्रे काढणाऱ्या एका रहिवाशाला सुरक्षारक्षकाने अडविले. ही खासगी जागा आहे, असे त्याला सांगण्यात आले. रहिवासी कॅमेरे घेऊन त्याच रस्त्यावर जमले आणि अखेर तो रस्ता सार्वजनिकच असून घटनेने दिलेले अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य तिथेही लागू आहे, असा निर्वाळा काउंटीच्या विधी अधिकाऱ्यांनी दिला. कोण बसू शकेल, कोण पत्रके वाटू शकेल, मिरवणुकीची परवानगी कोण देईल, हे करारात आधीच लिहिले असते तर हा वाद झाला नसता. झाडलोट आणि पहारा खासगी संस्थेकडे देता येतो. नागरिकाचा हक्क देता येत नाही.

लोक एखादी जागा कशी वापरतात, हेही कागदावर ठरत नाही. सिल्व्हर स्प्रिंगमध्येच नागरी इमारतीसाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेवर काही काळासाठी कृत्रिम हिरवळ अंथरली होती. दुपारी तिथे मुले लोळत, संध्याकाळी तरुणांचे गट गप्पा मारत बसत, आणि बांधकामाची वेळ आली तेव्हा अनेकांना ती हिरवळच हवी होती. २०१० मध्ये तिथे इमारत आणि चौक झाला. कायमचे बांधण्याआधी असा स्वस्त आणि उचलता येणारा प्रयोग प्रत्येक पेठेत अवश्य करावा, आणि त्यातून जे दिसेल ते आराखडा बदलण्याइतके गांभीर्याने घ्यावे.

आधीपासून असलेल्यांना सोबत घ्या

नव्या दुकानांमुळे भाडी वाढतात आणि वाईट दिवसांत पेठ धरून ठेवणारे छोटे व्यावसायिकच बाहेर फेकले जातात. सिल्व्हर स्प्रिंगच्या फेंटन व्हिलेज भागातील जुन्या, लहान इमारतींमध्ये कुटुंबांनी चालविलेली दुकाने आणि इथिओपियन खानावळी आहेत. त्या भागाचे वेगळेपण त्यांच्यामुळेच आहे. सार्वजनिक मदत घेणाऱ्या प्रकल्पात काही लहान गाळे ठरावीक भाड्याने, ठरावीक मुदतीसाठी राखून ठेवण्याची अट घालावी, आणि काम चालू असताना समोरच्या दुकानाची वाट बंद होणार नाही, हे कंत्राटातच नमूद करावे.

महाराष्ट्रातील वाचकांना यासाठी नवे कायदे शोधण्याची गरज नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. स्थानकालगतच्या पेठेचा आराखडा या समितीसमोर पहिल्या दिवसापासून ठेवावा, कारण फेरीवाल्यांना हटवून रिकामा केलेला पदपथ गिऱ्हाईकही हटवतो. समावेशक आरक्षणाच्या तरतुदीने जागामालक मंडई किंवा वाहनतळ बांधून नगरपालिकेला देतो आणि उरलेल्या जागेत स्वतःचा विकास करतो. अशा व्यवहारात हस्तांतराची तारीख, बांधकामाचा दर्जा आणि देखभालीची जबाबदारी स्पष्ट नसेल तर मंडई बांधून पडून राहते. पागडीच्या भाडेकरूंना पुनर्वसनाचे लेखी हमीपत्र मिळाल्याशिवाय एकाही इमारतीला हात लावू नये.

मोठा भाडेकरू जाईल, असे धरूनच करार करा

डिस्कव्हरीने २०१८ मध्ये सिल्व्हर स्प्रिंगमधील मुख्यालय सोडण्याचे जाहीर केले आणि पेठेतल्या दुपारच्या जेवणाचा मोठा ग्राहकवर्ग गेला. तरीही मेट्रो, चित्रपटगृह, चौक आणि लहान दुकाने यांच्या जोरावर पेठ उभी राहिली. हे ध्यानात ठेवून सवलत घेणाऱ्या मोठ्या कंपनीने मुदतीआधी जागा सोडल्यास किती रक्कम परत करायची, हे करारात आकड्यांत लिहावे. त्याशिवाय नगरपालिका, व्यापारी संघटना, जागामालक आणि रहिवासी यांची संयुक्त बैठक दरवर्षी घ्यावी, आणि तिच्यासमोर पहिल्या पाहणीची वही ठेवून कोणता गाळा उघडला, कोणता बंद झाला आणि का, याची नोंद सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी.