शोधनिबंधाचा विषय किती मोठा घ्यावा?

‘कोल्हापूरचा महापूर’ असा विषय लिहून नेला की सर विचारणार, “कुठला? २००५चा, २०१९चा की २०२१चा?” रास्तच आहे. वीस पानांत तिन्ही पूर कोंबले तर हाती वर्तमानपत्री गोषवारा लागतो.

आधी विषय एका ओळीत लिहा आणि त्याला चार गोष्टी विचारा: कुठे, कधी, कोणाचं, कशाबद्दल? चारही एकदम आवळायची गरज नाही, बहुतेक वेळा दोन-तीन पुरतात. पुराचंच घ्या. ‘कुठे’ला कोल्हापूरजवळचं चिखली गाव, ‘कधी’ला २०१९. आता ‘कशाबद्दल’? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मधल्या चार फुटांत घरोघरी काय ठरतं? जनावरं आधी हलतात की माणसं? निरोप कोण आणतं, आणि तो खरा कोण मानतं? म्हणजे विषय झाला: ‘२०१९च्या महापुरात चिखलीतल्या पशुपालक कुटुंबांनी घर सोडायचा निर्णय कधी आणि कशावरून घेतला?’ शेवटी प्रश्नचिन्ह आलं, हे महत्त्वाचं. ‘एक चिकित्सक अभ्यास’ असं शेपूट लावलेल्या शीर्षकात बहुधा प्रश्नच नसतो.

मग सामग्री हाताशी आहे का ते बघा, आणि हे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, देण्याआधी करा. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात एक दिवस बसा. जुने प्रबंध चाळा, त्यांच्या संदर्भयाद्या उतरवून घ्या. मुलाखती लागणार असतील तर गावात ओळख कोणाची, तेही आत्ताच ठरवा. राजर्षी शाहूंचा २६ जुलै १९०२चा, मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा हा उत्तम, आटोपशीर विषय आहे. पण त्याच्या अंमलबजावणीचे मूळ कागद वाचायचे म्हटलं की मोडी लिपी आडवी येते. मोडी येत नसेल आणि शिकायला सवड नसेल, तर छापील साधनांवर भागेल असा प्रश्न घ्या.

उलटही होतं. ‘आमच्या गल्लीतला चप्पल कारागीर’ या विषयावर दोन मुलाखतींत सगळं संपतं, वाचायला काही सापडत नाही. तेव्हा कारागीर सोडू नका, प्रश्न एक पायरी वर न्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. मानांकनाने कारागिराच्या हातात पडणारी मजुरी बदलली का? कोल्हापूर आणि कर्नाटकातलं अथणी इथल्या कारागिरांची तुलना करता येईल का? तुमचा गल्लीतला माणूस यात एक उदाहरण म्हणून राहतोच. फक्त ‘भारतातील हस्तकला उद्योग’पर्यंत जाऊ नका, नाहीतर पुन्हा आवळत बसाल.

वाचता वाचता विषय एकदोनदा सरकतोच. दर वेळी नवी ओळ लिहून सरांना किंवा मॅडमना दाखवा. शीर्षक मात्र सगळं लिहून झाल्यावर पक्कं करा.