जुन्या कार्बवाल्या गाडीचा एअर इनटेक सुधारायचाय? आधी मोजा, मग पाना उचला

जुनी कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा कार्ब असलेली) परफॉर्मन्स गाडी हातात आली की पहिल्याच आठवड्यात माणूस एअर क्लीनर, म्हणजे कार्बवरचा हवेच्या फिल्टरचा डबा, बदलतो. कारण सोपंय, वर मधोमध एकच विंग नट असतो, तो काढला, कंपनीचा काळा डबा उचलून बाजूला ठेवला आणि क्रोमचा चकचकीत गोल डबा बसवला की दहा मिनिटांत काम फत्ते. मी पण हेच केलं होतं. आठवडाभर गाडी सुसाट झाल्यासारखी वाटली, मग एका मोकळ्या रस्त्यावर थर्ड गिअरमध्ये ६० ते १०० ला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच लावून बघितलं, एकदा जुना डबा लावून, एकदा नवा लावून. फरक काही नाही, उलट इंजिन चांगलं तापल्यावर नवा डबाच मागे पडला. वाढला होता फक्त आवाज.

हा आवाजच सगळ्यांना फसवतो. खात्री करायची असेल तर जुन्या डब्याचं झाकण उलटं करून लावा, फुल थ्रॉटलला कार्ब असा घोंगावतो की वाटतं २० हॉर्सपॉवर वाढले, घड्याळ मात्र ते मान्य करत नाही.

म्हणून पैसे घालवायच्या आधी मोजायचं. त्याला लागते साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी, इंजिनापासून केबिनपर्यंत पुरेल एवढी लांब. एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा, प्रत्येक बाजू निदान अर्धा मीटर उंच राहू द्या म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा आणि बाजूला मोजपट्टी चिकटवा. एअर क्लीनरच्या बेसला फिल्टरच्या आतल्या बाजूला एक बारीक भोक पाडा (बेस गाडीवरून काढून पाडा हां, लोखंडाचा कीस कार्बमध्ये गेला तर मग इनटेक राहू दे, इंजिनच उघडावं लागेल), नळीचं एक टोक त्यात, दुसरं केबिनमध्ये उघडं. काचा बंद ठेवा नाहीतर पाणी नाचत राहतं. शेजारी एकजण बसवून सेकंड किंवा थर्डमध्ये फुल थ्रॉटल देत वरच्या आरपीएमपर्यंत न्या आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती सेंटीमीटरचा फरक पडतो ते त्याला वाचायला सांगा. तुम्ही रस्ता बघा.

आता हिशोब. हवेचा पूर्ण दाब म्हणजे साधारण १०३३ सेंटीमीटर पाणी. फरक २५ सेंटीमीटर आला तर जवळपास अडीच टक्के दाब फिल्टर आणि नळकांड्यातच खर्च होतोय, इथे सुधारायला जागा आहे. ५ सेंटीमीटर आला तर अर्धा टक्का, तुमचा जुना डबा निर्दोष आहे, त्याला हात लावू नका आणि खाली थंड हवेचा भाग सरळ वाचा. फरक जास्त असेल तर आतला फिल्टर काढून फक्त डबा ठेवून एकदाच, धूळ नसलेल्या रस्त्यावर, परत मोजा. आकडा एकदम पडला तर दोषी फिल्टर, तसाच राहिला तर दोषी पुढची नळी म्हणजे स्नॉर्कल. बऱ्याच गाड्यांत ही स्नॉर्कलच गळा आवळते, कारण कंपनीला आवाज कमी ठेवायचा होता.

इंजिनला हवा लागते किती? चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, म्हणजे लिटरमधली क्षमता गुणिले आरपीएम भागिले दोन. ५.७ लिटरचं व्ही८, ६००० आरपीएम, झाले मिनिटाला १७,१०० लिटर, पण रस्त्यावरचं इंजिन शंभर टक्के भरत नाही, ८५ टक्के धरा, म्हणजे साडेचौदा हजार लिटर, जुन्या भाषेत ५१० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास. दोन लिटरचं चार सिलिंडर ७००० ला ९० टक्क्यांनी ६३०० लिटर. हा आकडा काढून ठेवा.

फिल्टरच्या साइजसाठी के अँड एन या फिल्टर कंपनीचा जुना फॉर्म्युला आहे: क्यूबिक इंचातली क्षमता गुणिले आरपीएम भागिले २०,८३९, उत्तर येतं चौरस इंचात. तेच व्ही८ म्हणजे ३५० क्यूबिक इंच, ६००० आरपीएम, उत्तर १०१. गोल फिल्टरची उंची काढताना हे क्षेत्र घेराने भागायचं आणि पाऊण इंच वर मिळवायचं, कारण खालीवर रबराच्या कडेत तेवढी जागा वाया जाते. १४ इंची डब्याला उंची येते बरोब्बर ३ इंच. सगळीकडे १४ बाय ३ चाच डबा का दिसतो याचं उत्तर हेच. आणि तो जो छोटा १० इंची, २ इंच उंचीचा गोंडस क्रोमचा डबा मिळतो ना, त्याचं कामाचं क्षेत्र जेमतेम ३९ भरतं. मोठ्या इंजिनवर तो म्हणजे पळणाऱ्याच्या नाकाला चिमटा.

कागदी फिल्टर की तेल लावलेला कापडी, या वादात मी पडत नाही. साइज पुरेशी असेल तर दोन्ही चालतात. कापडी घेतलात तर तेल बेताने लावा, थबथबलेला फिल्टर हवा अडवतो.

आता ज्या गोष्टीकडे कुणी बघत नाही ती म्हणजे झाकण आणि कार्बच्या तोंडामधलं अंतर. हवा बाजूने आत येते आणि ९० अंशात वळून खाली जाते, त्या वळणाला जागा हवी. बऱ्याचशा होली, एडलब्रॉक, क्वाड्राजेट कार्बचं तोंड ५ १/८ इंची असतं, म्हणजे १३० मिलिमीटर. साधी भूमिती आहे, अंतर व्यासाच्या चौथ्या भागाइतकं असेल तर बाजूची वाट आणि तोंडाचं क्षेत्र सारखं होतं, इथे ते ३३ मिलिमीटर येतं. ही किमान मर्यादा, मी ५० च्या खाली जात नाही. बॉनेट लागतं म्हणून लोक खोलगट ड्रॉप बेस आणि चपटा फिल्टर घेतात आणि झाकण पार कार्बच्या डोक्यावर येऊन बसतं.

त्यात होलीसारख्या कार्बवर फ्लोट बाउलच्या (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) व्हेंटच्या, म्हणजे हवेच्या वाटेच्या, दोन उभ्या नळ्या वर आलेल्या असतात. झाकण त्यांच्यावर टेकलं किंवा अगदी जवळ आलं की बाउलमधल्या पेट्रोलवरचा दाब बिघडतो आणि गाडी वरच्या आरपीएमला अडखळते, आणि माणूस महिनाभर इग्निशन तपासत बसतो. तो माणूस मीच, कॉइल बदलली, प्लग बदलले, वायरी बदलल्या, शेवटी झाकणाला आतून दोन गोल चकाकते ठिपके दिसले, नळ्या घासून झालेले. झाकण वर उचलायला एक इंचाचा स्पेसर, म्हणजे जाड कडी, घातला आणि आजार गेला.

स्पेसर घातला की बॉनेट लागणार का हे मात्र अंदाजाने ठरवू नका. झाकणावर तीन-चार ठिकाणी, नटच्या टोकावर सुद्धा, मऊ क्लेचे गोळे ठेवा, वर प्लास्टिकचा कागद, बॉनेट हळूच पूर्ण बंद करून उघडा आणि चपटा झालेला गोळा सुरीने कापून त्याची जाडी बघा. निदान १५ ते २० मिलिमीटर हवेत, कारण जोरात ॲक्सिलरेटर दिला की इंजिन माउंटवर हलतं. ड्रॉप बेस असेल तर खालून पण बघा, चोकचा दांडा, पेट्रोलची पाइप आणि डिस्ट्रिब्युटर यांना बेस लागतो का, आणि थ्रॉटल पूर्ण उघडून परत मोकळा येतो का. हे इंजिन बंद असताना हाताने करा. अडकलेला थ्रॉटल रस्त्यावर समजला तर फार उशीर झालेला असतो.

थंड हवा. खरी कमाई इथे आहे आणि माझा क्रोमचा डबा मागे का पडला तेही इथेच कळतं. उघडा गोल डबा बॉनेटखालची हवा ओढतो, रेडिएटर आणि एक्झॉस्टवरून आलेली. बाहेर ३० अंश आणि बॉनेटखाली ७० असेल तर हवेची घनता साधारण १२ टक्क्यांनी कमी होते. फिल्टर बदलून अर्धा टक्का मिळवायचा आणि इथे १२ टक्के घालवायचे, वर गरम हवेने नॉकिंग वाढतं ते वेगळंच. जुन्या कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं, पॉन्टियाकचं रॅम एअर, १९६९ च्या कॅमॅरोचं काउल इंडक्शन बॉनेट, मस्टँगचा इंजिनबरोबर थरथरणारा शेकर स्कूप (बॉनेटवर आलेलं हवेचं तोंड), हे सगळे थंड हवेचेच उद्योग. कॅमॅरोच्या बॉनेटचं तोंड मागे विंडस्क्रीनकडे आहे ते उगाच नाही, काचेच्या पायथ्याशी गाडी पळताना दाब वाढलेला असतो.

पण स्कूपमधून हवा कोंबली जाऊन टर्बोसारखं काहीतरी होतं हा समज सोडा. १०० किमी वेगाला समोरच्या हवेचा दाब जेमतेम पावणेपाच सेंटीमीटर पाण्याइतका, म्हणजे अर्धा टक्का. १६० ला १२ सेंटीमीटर, सव्वा टक्क्याच्या आत. फायदा थंडाव्याचा आहे, कोंबण्याचा नाही.

घरच्या घरी करायचं तर बंद डबा ठेवा आणि त्याला पुढून ग्रिलच्या मागून किंवा हेडलाइटशेजारून होज आणा. एक ४ इंची होज घ्यावी की दोन ३ इंची? दोन ३ इंची मिळून क्षेत्र जास्त भरतं, १४ चौरस इंच विरुद्ध साडेबारा, आणि जुन्या गाड्यांत त्या डावी-उजवीकडून सोप्या जातात. वळणं कमी आणि मोठ्या त्रिज्येची ठेवा. होज एक्झॉस्टपासून लांब किंवा मधे पत्र्याची शील्ड. तोंड बंपरच्या खाली कधीही नेऊ नका, साचलेल्या पाण्यातून एकदा गाडी गेली आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. होजच्या सगळ्यात खालच्या जागी ५ मिलिमीटरचं भोक ठेवा, पावसाचं पाणी गळून जाईल. उघडाच डबा आवडत असेल तर निदान बॉनेटला टेकणाऱ्या फोमच्या कडेचं ताट करून तो इंजिनपासून वेगळा करा आणि वरून स्कूपची हवा द्या.

कंपनीचा डबा काढताना त्याला जोडलेल्या नळ्यांचा फोटो काढा. एक क्रँककेसच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागाच्या श्वासाची, ती नव्या डब्यात फिल्टरच्या स्वच्छ बाजूलाच हवी, नाहीतर इंजिन बाहेरची धूळ प्यायला लागतं. काही गाड्यांत गरम हवेच्या चोकची नळी इथूनच स्वच्छ हवा घेते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून येणारी जाड पाइप आणि स्नॉर्कलमधली व्हॅक्यूमची झडप थंडीसाठी आहे, दमट गारठ्यात कार्बच्या आत बर्फ धरू नये म्हणून, थंड प्रदेशात गाडी रोज चालवत असाल तर ती काढू नका. आणि ज्या व्हॅक्यूम नळ्या सुट्या राहतील त्यांना रबरी टोप्या घाला, एक उघडी राहिली तरी स्लोला इंजिन गडगडतं आणि दोष उगाच नव्या फिल्टरला जातो.

एसयू आणि वेबर कार्ब वाल्यांसाठी वेगळं थोडं. एसयूच्या फ्लँजवर (एअर क्लीनर जोडतो त्या कडेवर) बारीक भोकं असतात, कार्बच्या आतल्या पिस्टनला वर उचलायला हवा तिथून लागते, गॅस्केट उलटं बसलं की ती झाकली जातात आणि पिस्टन नीट उठतच नाही. बसवायच्या आधी गॅस्केट हातात धरून भोकावर भोक आलंय का बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वेबर डीसीओईच्या तोंडाकडे फ्लोट चेंबरच्या हवेची वाट असते, फिल्टरच्या बॅकप्लेटने, म्हणजे मागच्या पत्र्याने, ती अडवू नका. बेलमाउथ (कार्बच्या तोंडावरचा कर्ण्यासारखा भाग) काढून सरळ फिल्टर लावू नका, तो गोल ओठ हवेला आत घेतो. बेलमाउथच्या टोकापासून फिल्टरच्या भिंतीपर्यंत जेवढी जागा मिळेल तेवढी द्या.

बसवताना कार्बच्या तोंडात कापड, आणि शेवटच्या क्षणापर्यंत ते काढायचं नाही. माझा एक वॉशर आत पडला होता, थ्रॉटल बंद होता म्हणून वाचलो, चुंबकाच्या काडीने काढला. बेसखालचं गॅस्केट नवं टाका. विंग नट हाताने घट्ट, पक्कड लावायची नाही, जोर केला की झाकण वाकतं आणि कार्बचा वरचा भाग पण मुरडतो.

मग जेट, म्हणजे कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. लोक सांगतात मोकळा फिल्टर लावला की मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) होणारच. ते बाउलचं व्हेंट कुठे उघडतंय यावर आहे. व्हेंट एअर क्लीनरच्या आतच असेल तर फिल्टरच्या अडथळ्याचा दाब बाउलवर आणि व्हेंचुरीवर (कार्बच्या आतल्या अरुंद गळ्यावर) सारखाच पडतो, म्हणून बदल किरकोळ असतो. व्हेंट बाहेर उघडत असेल तर जुना चोंदलेला फिल्टर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) करत होता आणि आता ते खरंच लीन होईल. थंड हवा आणली असेल तर घनता वाढल्यामुळे पण थोडं लीनकडे सरकतं. त्यामुळे ऐकीव जेट टाकू नका. वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा मीटर) असेल तर फुल थ्रॉटलला १२.५ ते १३ बघा. नसेल तर नवे प्लग घालून फुल थ्रॉटलमध्येच इग्निशन बंद करा, क्लच दाबा आणि गाडी बाजूला घ्या, मोकळा रस्ता आणि स्टिअरिंगला लॉक नसेल तरच. प्लगवर पांढरं पडलेलं आणि बारीक ठिणग्यांसारखे कण दिसले तर लगेच जेट वाढवा, काजळी असेल तर एक नंबर कमी. एका वेळी एकच नंबर, आणि प्रत्येक बदल वहीत.

सगळं झालं की तीच पाण्याची नळी परत लावा, तोच रस्ता, तोच गिअर, इंजिन तितकंच तापलेलं. जुना डबा मात्र टाकून देऊ नका, नळ्यांना चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवा.